घरातील बंदूक आणि घरातील मूल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



अशा संमेलनात शिक्षण, वधूवरांच्या गाठीभेटी, विद्यार्थ्यांस साहाय्य, हुंड्यासारख्या रूढी यांवर भाषणे होतात व ती व्हावयास हवीतच. आम्ही मात्र आज एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेतीच्या संरक्षणाकरिता परवान्याची बंदूक आहे, आणि त्याच घरात मुले व नातवंडेही आहेत. या दोहोंनी एका छपराखाली कसे राहावे, हा तो विषय होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; आम्ही कायदेपंडित नव्हे की शस्त्रज्ञ नव्हे. परंतु आयुष्याची उमेदीची वर्षे मुलांच्या सहवासात घालविल्यामुळे मूल कसे वागते, हे आम्हांस थोडेबहुत कळते. त्याच अधिकाराने हे बोलणे आहे.

आपल्या कोकणपट्टीत बंदूक ही काही चैनीची वस्तू नव्हे. डोंगराच्या कुशीतील भातशेती, नारळी-पोफळीच्या बागा, काजूची कलमे आणि वायंगणी भाजीपाला हा आपला निर्वाह. रानडुकरांचा कळप एका रात्रीत कुणग्यांची माती करतो. वानरांची टोळी शहाळी पाडून टाकते. म्हणून शेतकऱ्यास बंदूक लागली. इंग्रजी अमदानीत १८७८ च्या कायद्याने हत्यारे परवान्याखाली आली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला, तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून अमलात आला आणि आजही तोच चालू आहे. आजोबांनी घेतलेला परवाना पुढे वडिलांच्या व मग मुलाच्या नावे झाला, अशी घरे आपल्यात थोडी नाहीत. कोणाकडे ठासणीची बंदूक आहे, तर कोणाकडे बारा बोअरची एकनळी वा दुनळी काडतुसाची.

ही वस्तू उपयोगाची आहे तशी मानाचीही आहे. खंडेनवमीस आपण ती पुसून, तेल लावून पाटावर मांडतो, झेंडूची फुले वाहतो, हळदकुंकू लावतो. घरातील लहान मूल आजीच्या मांडीवर बसून हा सोहळा डोळे भरून पाहते. आम्ही या पूजनाच्या विरुद्ध नाही. ज्या साधनाने पोट भरते त्यास नमस्कार करावा, ही आपली रीत सुंदरच आहे. पण त्या क्षणी मुलाच्या मनात काय चालले आहे, याचा विचार केला पाहिजे. वर्षभर वडीलमाणसे जिला हात लावू देत नाहीत, तीच वस्तू आज फुलांनी मढवून त्याच्यासमोर ठेवली आहे. त्याच्या मनात तिचे आकर्षण त्या दिवशी दुणावते. पूजा संपली, पंगत उठली, मंडळी सोने लुटण्याच्या तयारीस लागली, आणि बंदूक पाटावर तशीच राहिली, असे किती घरांत घडते ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

मुलांविषयी वडीलमाणसांच्या मनात तीन समजुती घट्ट बसलेल्या असतात. पहिली अशी की, उंचावर ठेवलेली वस्तू मुलाच्या हाती लागत नाही. दुसरी, लपविलेली वस्तू मुलास ठाऊक नसते. तिसरी, एकदा दरडावून सांगितले म्हणजे मूल त्या वाटेस जात नाही. शिक्षकाच्या नोकरीत या तिन्ही समजुती खोट्या ठरलेल्या आम्ही वारंवार पाहिल्या आहेत.

एक उदाहरण सांगतो. आम्ही एका खेडेगावी चौथीचा वर्ग शिकवीत होतो. मधल्या सुट्टीत दोन मुलांची गोट्यांवरून हमरीतुमरी चालली होती. जवळ जाऊन पाहतो तो एकाच्या मुठीत बारा बोअरचे जिवंत काडतूस! वीस गोट्यांच्या बदल्यात त्याचा सौदा ठरला होता आणि गोट्या दोन कमी भरल्या म्हणून तंटा होता. आम्ही ते काडतूस काढून घेतले आणि सायंकाळी मुलास घेऊन त्याच्या घरी गेलो. वडील सज्जन, कष्टाळू गृहस्थ. ते म्हणाले, "गुरुजी, पोराक म्हायतच नाय, काडतुसां खंय आसत ती." आम्ही मुलाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली, निमूटपणे माजघरात गेला, रिकाम्या कणगीवर चढला आणि आढ्याला टांगलेल्या शिंक्यातून काडतुसांची पिशवी काढून बापाच्या पुढ्यात ठेवली. बापाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच घरात बंदूक दाराच्या वरच्या खुंटीला होती, आणि खुंटीखाली भाताचे पोते उभे होते.

हा केवळ आमच्या खेड्यातला अनुभव म्हणून कोणी सोडून देईल. पण पाहणी करणाऱ्यांचे म्हणणेही असेच आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागात आईबापांस व त्यांच्या मुलांस वेगवेगळे बसवून घरातील बंदुकीविषयी प्रश्न विचारण्यात आले. ती पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. आमच्या मुलास बंदुकीची जागा ठाऊक नाही, असे ज्या आईबापांनी सांगितले, त्यांच्यापैकी शेकडा ३९ जणांच्या मुलांनी ती जागा आपल्याला ठाऊक असल्याचे सांगितले. आमच्या मुलाने बंदुकीस कधी हात लावलेला नाही, असे म्हणणाऱ्यांपैकी शेकडा २२ जणांची मुले म्हणाली की, आम्ही ती हाताळली आहे. कोकणातले शिंके असो की अलाबामातले कपाट, बापाचा विश्वास आणि मुलाचे ज्ञान यांत अंतर पडते ते असे.

तिसऱ्या समजुतीविषयीही असाच एक प्रयोग त्याच देशात झाला व २००१ साली प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांस दोन-दोन, तीन-तीन मिळून एका खोलीत खेळावयास सोडले. खोलीतील एका खणात निकामी केलेले, पण खरे पिस्तूल ठेवलेले होते. मुलांच्या २९ गटांपैकी २१ गटांस ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. ज्यांना ते दिसले त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांस ते खेळण्यातले वाटले, किंवा खरे की खोटे हे कळले नाही. आणि ज्यांनी ते हाताळले वा चाप ओढला, त्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक मुलांस बंदुकीच्या धोक्याविषयी पूर्वी कधी तरी समज दिलेली होती! आम्ही शिक्षक आहोत. शिकविण्याने काही होत नाही असे म्हणणे आमच्या तोंडी शोभत नाही. मुलांस समज द्यावीच. पण नुसत्या उपदेशावर मुलाचा जीव टांगून ठेवू नये, एवढे या प्रयोगावरून आम्हांस मान्य करावे लागते. मुलाचे कुतूहल हा त्याचा दोष नव्हे. त्याच कुतूहलावर आम्ही त्यास बाराखडी शिकविली व पाढे शिकविले. ते बंदुकीपाशी येऊन थांबेल अशी अपेक्षा धरणे हा वडीलमाणसांचा भाबडेपणा आहे.

आता एक दुःखाची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. गाव आणि घराणे यांचा नामनिर्देश आम्ही करीत नाही. कार्तिकातले दिवस होते. भात कापणीस आले होते. घरधनी रात्रभर मांगरात राखणीस बसून पहाटे परतला. ठासणीची बंदूक ठासलेलीच होती, कारण रात्री बार काढण्याची वेळ आली नव्हती. त्याने ती दाराआड भिंतीस टेकविली आणि थकल्या अंगाने घोंगडीवर पडला. घरात दोन भाऊ होते. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सात वर्षांचा. पुढे काय झाले ते सांगण्याची आवश्यकता नाही. धाकटा गेला. थोरला आमच्या वर्गात होता.

गावातली जुनी माणसे भेटीस आली आणि म्हणाली, "नशिबात होता तां झाला." सांत्वनाचा दुसरा शब्द त्यांच्यापाशी नव्हता, म्हणून आम्ही त्यांस दोष देत नाही. पण तो थोरला मुलगा तेराव्यानंतर शाळेत आला, तेव्हा त्याची दशा आम्ही पाहिली. पूर्वी तो वर्गात खणखणीत आवाजात धडा वाचीत असे. त्या दिवसानंतर त्याने मोठ्याने वाचले नाही. मुले त्याच्याशी खेळावयास भीत, आणि तो स्वतःही कोणाशी खेळावयास भीत असे. जो गेला त्याच्यासाठी सारे गाव रडले. जो राहिला त्याच्यासाठी कोण रडणार? नशीब म्हटले की वडीलमाणसांचे मन थोडे हलके होते. परंतु त्या मुलाचे ओझे नशीब या शब्दाने तसूभरही कमी झाले नाही. त्याने बंदूक ठासली नव्हती, त्याने ती दाराआड ठेवली नव्हती. त्याने फक्त मुलाने करावे तेच केले. ज्या गोष्टीस पाच रुपयांचा नव्हे, पाच मिनिटांचा उपाय होता, तिला दैव म्हणणे हा दैवावर अन्याय होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तो उपाय कोणता, याकडे आता वळू. जगभरच्या बालरोगतज्ज्ञांचा या बाबतीतला सल्ला अगदी साधा आहे. बंदूक घरात ठेवावयाचीच असेल तर ती रिकामी असावी, कुलपात असावी. दारूगोळा निराळ्या जागी असावा आणि तोही कुलपात असावा. २००५ साली अमेरिकेत एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. ज्या घरांत मुलांच्या हातून वा मुलांस बंदुकीची इजा झाली, त्या घरांतील बंदुका आणि इतर घरांतील बंदुका कशा ठेवल्या होत्या, हे ताडून पाहण्यात आले. वरील चारही गोष्टींपैकी प्रत्येक गोष्ट अपघात कमी असण्याशी जोडलेली आढळली. म्हणजे चारही पाळल्या तर उत्तम. पण एक पाळली तरी ती वाया जात नाही.

हे आपल्या हत्यारांस कसे लागू करावे ते सांगतो. काडतुसाची बंदूक असेल तर शेतातून निघतानाच नळी मोडून दोन्ही काडतुसे काढावीत. डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे, कारण अंधारात डोळा फसतो. घरी आल्यावर नळी व दस्ता वेगळे करता येतात. ते वेगवेगळ्या जागी कुलपात ठेवले तर चोरालाही ती बंदूक कामाची नाही आणि मुलालाही नाही. एवढे जमत नसेल तर चापाभोवतीच्या कमानीतून साखळी ओवून ती भिंतीतील मजबूत कडीस कुलूप घालून अडकवावी. सर्वांत बरे म्हणजे उभे लोखंडी कपाट, भिंतीस बोल्टने आवळलेले. काडतुसे त्याच कपाटात ठेवू नयेत. त्यांस वेगळी पेटी, वेगळे कुलूप आणि वेगळी किल्ली असावी. काडतुसांची मोजदाद वहीत लिहावी. एक कमी भरले तर त्याच दिवशी कळेल, गोट्यांच्या सौद्यात कळणार नाही.

ठासणीच्या बंदुकीचा धोका निराळा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. काडतूस काढता येते. ठासलेली दारू, बोळा आणि छर्रे सहजासहजी काढता येत नाहीत. त्यामुळे मनुष्य आळसाने ती भरलेलीच घरी आणतो आणि टोपी काढून ठेवली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे समजतो. ही समजूत चुकीची आहे. बार नळीत तसाच असतो. मुलाच्या हाती टोपी लागली, किंवा विस्तवाची ठिणगी कानात गेली, की तो उडू शकतो. म्हणून पहाटे परतण्यापूर्वी, कोणी माणूस वा जनावर समोर नाही याची खात्री करून, शेतातल्याच भरभक्कम मातीच्या बांधात तो बार मोकळा करावा. चिमूटभर दारू आणि मूठभर छर्रे वाया गेले तर जाऊ द्यावेत. दारूचा डबा घट्ट झाकणाचा असावा, चुलीपासून व देवाच्या दिव्यापासून दूर असावा. टोप्या आणि दारू एका जागी कधीही असू नयेत.

आता किल्ली. कुलूप घेतले आणि किल्ली शेजारच्या खिळ्यास अडकविली, तर ते कुलूप शोभेचे झाले. आपल्या घरांत किल्ल्या ठेवण्याच्या जागा ठरलेल्या असतात: देव्हाऱ्यामागे, उशीखाली, फडताळातल्या डब्यात, तुळईच्या खाचेत. या सर्व जागा घरातील चार वर्षांच्या मुलासही पाठ असतात, कारण सणासुदीचा खाऊ याच जागी ठेवलेला असतो. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी. तो परगावी गेला तर ती त्याच्याबरोबर जावी किंवा अशा ठिकाणी असावी की घरातील दुसऱ्या एकाच जाणत्या माणसास ती ठाऊक असेल. हवेच्या बंदुकीसही हाच नियम लावावा. पक्षी हाकण्याच्या या बंदुकीस पुष्कळदा परवाना लागत नाही, म्हणून लोक तिला खेळणे समजतात. पण तिच्या छर्ऱ्याने डोळा कायमचा जातो.

यावर आक्षेप येतो तो आम्हांस ठाऊक आहे. "गुरुजी, डुक्कर काय कुलूप उघडेपर्यंत थांबणार?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तरही सोपे आहे. राखणीस जाताना मनुष्य बंदूक बरोबर घेऊन जातो. ती मांगरात त्याच्या हाताशी असते. कुलूप हवे ते घरी आल्यावर, जेव्हा डुक्कर रानात असते आणि मूल अंगणात असते. दुसरा आक्षेप चोरदरोडेखोरांचा. त्यावर आमचे म्हणणे असे की, सराव केला तर कुलूप उघडण्यास अर्धा मिनिट लागतो. चोर येण्याचा प्रसंग जन्मात एखादे वेळी येईल न येईल. मूल मात्र रोज घरात आहे. रोजच्या जोखमीस विसरून क्वचितच्या जोखमीची तजवीज करणे यात शहाणपण नाही. तिसरा आक्षेप, आमची मुले शिस्तीची आहेत, हा. तुमची असतील, पण सुट्टीत मुंबईहून येणारी भाचरे, शेजारची पोरे, मुलाचे सोबती यांच्या शिस्तीची हमी कोण देतो?

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. प्रशिक्षणाचा नियमबद्ध अपवाद सोडला तर २१ वर्षांखालील व्यक्तीस बंदूक बाळगता येत नाही. तेव्हा 'जरा धर रे' म्हणून मुलाच्या हाती ती देणे हाही गुन्हा ठरू शकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यास सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी या गोष्टींस महत्त्व दिले आहे. ती हमी कागदावर सही करण्यापुरती नसून घरात पाळण्यासाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जवळ ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तिनांवरून दोनांवर आणली, आणि लग्नसमारंभात आनंदाने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. वरातीत बार काढण्याची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदाही विसरू नये. बंदुकीचा परवाना आहे म्हणून वाटेल ते जनावर मारण्याची मुभा मिळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वारशाच्या बंदुकीची. आजोबा वारले, परवाना कोणाच्या नावे झाला नाही, मुलगे मुंबई-पुण्यास नोकरीस, आणि बंदूक माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली. अशी बंदूक ठेवणे कायद्याने चुकीचे आहे आणि मुलांच्या दृष्टीने तर फारच वाईट, कारण ती भरलेली आहे की रिकामी हे घरात कोणासच ठाऊक नसते. परवाना उरला नाही की ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असा कायदाच आहे. ज्यास ती हवी असेल त्याने रीतसर अर्ज करून ती आपल्या नावे करून घ्यावी. आजोबांची आठवण राखण्यास त्यांचे छायाचित्र पुरेसे आहे.

आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज अमेरिकेत स्थायिक झाले आहेत आणि येथे बसलेल्या पुष्कळांची नातवंडे तिकडच्या शाळांत शिकत आहेत. म्हणून त्या देशाचा अनुभव आपणांस परका नाही. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूचे तेथील सर्वांत मोठे कारण २०२० साली मोटार-अपघात नव्हे, तर बंदूक हे ठरले. मुलांच्या हाती बंदूक लागेल अशी ती ठेवणाऱ्यास जबाबदार धरणारा पहिला राज्य-कायदा तेथे फ्लोरिडाने १९८९ साली केला. पुढे इतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. ६ जानेवारी २०२३ रोजी व्हर्जिनिया राज्यात सहा वर्षांच्या मुलाने घरातून आईचे पिस्तूल शाळेत आणले आणि वर्गात आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. शिक्षिका सुदैवाने वाचल्या. आईस न्यायालयाने कैदेची शिक्षा दिली. पहिलीच्या मुलाच्या दप्तरात पिस्तूल, ही कल्पना आम्हां जन्मभर पहिली-दुसरीची दप्तरे तपासलेल्या माणसांस सहन होत नाही.

मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड गावच्या हायस्कुलात ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने चार सहाध्यायांचा बळी घेतला. ते पिस्तूल त्याच्या बापाने चारच दिवसांपूर्वी विकत आणले होते. २०२४ साली न्यायालयाने त्या मुलाच्या आईस व बापास प्रत्येकी १० ते १५ वर्षांची कैद सुनावली. हत्यार सुरक्षित न ठेवणे आणि मुलाच्या मनःस्थितीकडे डोळेझाक करणे, याबद्दल आईबापांस इतके कठोर शासन होण्याचा तेथील हा पहिलाच असा मोठा प्रसंग. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्या राज्यात बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा अमलात आला. कायदा आला, परंतु चार मुले गेल्यावर आला.

म्हणून ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी दूरध्वनीवर खुशाली विचारताना एक गोष्ट अवश्य सांगावी. नातू शेजारच्या घरी खेळावयास जात असेल तर त्या घरी बंदूक आहे काय आणि ती कुलपात आहे काय, हे आईबापांनी निःसंकोच विचारावे. त्या देशात हे विचारणे शहाणपणाचे समजले जाते. पोहण्याच्या तलावाविषयी विचारतो, कुत्र्याविषयी विचारतो, तसेच हे.

आणखी एक नाजूक गोष्ट सांगून मग मंडळाकडे वळतो. धोका केवळ लहान मुलांच्या खेळाचा नाही. परीक्षेचा निकाल लागतो, अपेक्षेप्रमाणे गुण पडत नाहीत, घरात बोलणी बसतात, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात काळोख दाटतो. असा काळोख बहुधा काही तासांचा असतो. तो सरला की तेच मूल पुन्हा जेवते आणि हसते. त्या काही तासांत घातक वस्तू त्याच्या हाताशी नसणे, यावर त्याचे सारे पुढचे आयुष्य अवलंबून असते. कुलूप हे अशा वेळी वेळ मिळवून देते, आणि तेवढ्या वेळात आई जवळ येऊन बसते, मित्र हाक मारतो. हाच न्याय शेतीवरील कीटकनाशकांसही लावावा. त्यांचे डबे पडवीत उघडे नसावेत; तेही कुलपात असावेत. आणि मुलगा गप्प-गप्प दिसू लागला तर त्यास रागे न भरता त्याच्याशी बोलावे, गरज पडल्यास वैद्याकडे न्यावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

येथे भगिनींस आमची विशेष विनंती आहे. बंदूक हा पुरुषांचा विषय मानून आपण त्यापासून दूर राहता. पण घर आपले आहे आणि मूलही आपले आहे. पहाटे राखणीहून आलेल्या माणसास चहाचा पेला देण्यापूर्वी एवढेच विचारावे, "बार काढलात ना? कुलूप घातलेत ना?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्या घरी हा प्रश्न रोज विचारला जातो, त्या घरी तो काही दिवसांनी विचारावाच लागत नाही.

आता मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. एक, आपल्या गावोगावच्या शाखांनी खंडेनवमीपूर्वी परवानाधारक ज्ञातिबंधूंची एक बैठक घ्यावी, जाणत्या माणसाकडून हत्यार रिकामे करण्याची व ठेवण्याची रीत दाखवावी, आणि पूजन आटोपताच हत्यार कुलपात जाईल असा संकल्प करावा. दोन, ज्यांस लोखंडी कपाटाचा खर्च झेपत नाही, अशा कुटुंबांस मंडळाच्या साहाय्यनिधीतून बिनव्याजी रक्कम द्यावी. एक कपाट गावातील लोहाराकडून करवून घेतले तर त्याचा खर्च लग्नातील एका पंगतीहून अधिक होणार नाही. तीन, परवाना नसलेल्या वारशाच्या बंदुका जमा करण्याच्या कामी वयोवृद्ध व विधवा भगिनींस मंडळाच्या कार्यकर्त्याने सोबत करावी. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याच्या भीतीनेच पुष्कळ बंदुका माळ्यावर पडून आहेत.

या तिन्ही सूचनांस पैसा थोडा लागतो व मनाची तयारी अधिक लागते. आपला समाज मोठ्या वर्गण्या देण्यात कधी मागे राहिलेला नाही. वसतिगृहाची भिंत पडली तेव्हा आठ दिवसांत रक्कम उभी राहिलेली आम्ही पाहिली आहे. ज्या मुलांसाठी ती भिंत उभारली, तीच मुले घरी सुखरूप असावीत, यासाठीही तेवढीच तत्परता आपण दाखवाल अशी आम्हांस खात्री वाटते.

येथून घरी गेल्यावर आज रात्रीच प्रत्येकाने आपल्या घरातील हत्यार कोठे आहे, भरलेले आहे की रिकामे, आणि त्याची किल्ली कोणाकोणास ठाऊक आहे, एवढे तपासून पाहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांस न विचारता ठरवू नये.